खालची मूठ

वादळानं गावातली बरीच झाडं पाडली, पण कोर्टात गेलं ते एकच.

ते शिसवाचं होतं, दोन चुलत भावांच्या बांधावरचं. पडताना त्यानं असा काही नेम साधला की मुळं राहिली धाकट्याच्या वावरात, शेंडा गेला थोरल्याच्या वावरात, आणि मधला बुंधा येऊन बसला बरोबर दोघांच्या खड्ड्यावर. मुद्दाम ठेवायचा म्हटलं असतं तरी इतका नीट बसला नसता.

खड्डा म्हणजे त्यांचं दुकानच. दोघं लाकूड कापणारे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खड्ड्यात उतरायचं, आणि माणसापेक्षा उंच करवत दोघांनी वरखाली ओढायची. थोरला कायम वर, धाकटा कायम खाली. त्यांच्या बापांचंही असंच होतं. त्यामुळे गावाला त्यांची नावं लक्षात ठेवायची कधी गरजच पडली नाही. एक वरचा, एक खालचा.

वरच्याचं काम नजरेचं, रेघ सोडायची नाही. खालच्याचं काम कमरेचं. सगळा भुसा त्याच्या डोक्यावर, कानात, बनियनच्या आत. खड्ड्यात तोंड उघडलं की तोंडात भुसा, म्हणून खालच्याला तोंड मिटून राहायची सवय लागली, ती खड्ड्याबाहेरही सुटली नाही. वरचा मग दोघांचं मिळून बोलायचा. आणि करवतीचं एक असतं. ती ओढायची. वरच्यानं वर ओढायची, खालच्यानं खाली ओढायची, ढकलायची कुणीच नाही. ढकललं की पातं पोटात वाकतं आणि लाकडात रुतून बसतं.

शहरात मशीन होतं, पण मशीनच्या जबड्यात न मावणारे ओंडके ह्यांच्याकडे यायचे. दुसरा खड्डा खणावा म्हटलं तर गावभर हातभर मातीखाली कातळ. मऊ जागा एवढीच, आणि तिच्यावर आता शिसव झोपलेलं.

"पडलं ते माझ्याकडे पडलं," वरचा म्हणाला.

"उभं माझ्याकडे होतं," खालचा म्हणाला.

"उभं होतं तेव्हा होतं. आता कुणाकडे झोपलंय ते बघ."

"उद्या मी तुझ्या ओट्यावर झोपलो तर तुझा होईन का?"

"झोपतोसच की! जेवण झालं की आडवा होतोस. तुझ्या वहिनीला विचार."

"वहिनीला मधे आणू नकोस."

"मग तू मुळं मधे आणू नकोस."

ह्यांची भांडणं नवीन नव्हती. फक्त ती पुढचा ओंडका येईपर्यंत टिकायची. ओंडका खड्ड्यावर चढला की अबोला परवडत नाही, कारण 'थांब', 'सोड', 'पाचर मार' एवढं तरी बोलावंच लागतं, आणि तोंड एकदा सुटलं की सुटलंच. पण ह्या वेळी खड्ड्यावर ओंडका चढायची सोयच राहिली नव्हती.

त्यात खालच्यानं एक केलं. करवतीची वरची मूठ पक्की असते. खालची पाचर मारून बसवलेली असते, काढता-घालता येते. खालच्यानं पाचर ठोकून काढली, मूठ काखेत मारली आणि घरी निघून गेला. आता पातं ह्याच्याकडे आणि मूठ त्याच्याकडे. दोघांनाही त्याचा उपयोग शून्य.

आत्या दोघांचीही. दोघांच्या बापांची सख्खी बहीण. ती एक महिना ह्याच्याकडे जेवायची, एक महिना त्याच्याकडे, आणि निरोप नेताना त्यात पदरचं थोडं घालायची. ती म्हणाली, "चार दिवस कुथतील दोघं. मग भूक लागली की येतील सरळ."

ते आलेही असते. पण मधे साहेब आले.

साहेबांचा बंगला टेकडीवर. शहरात त्यांनी कसली तरी कंपनी चालवली, ती विकली, आणि आता रोज सकाळी काठी घेऊन चालायला खाली यायचे. काम नसताना माणूस चालतो कशाला, हे गावाला अजून उमगलेलं नव्हतं. माणूस मात्र सभ्य. कुणाला अरे-तुरे नाही, आवाज चढवणं नाही. पडलेल्या झाडापाशी ते थांबले आणि वरच्याकडून सगळी हकिगत ऐकून घेतली. वरच्याला ऐकणारा मिळाला की तो हातानं, पायानं, तोंडानं मिळून सांगतो. वादळाचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

"म्हणजे तुमच्या हद्दीतलं लाकूड तो अडवतोय," साहेब म्हणाले.

"तसंच समजा."

"आणि तुम्ही गप्प बसणार?"

"गप्प कुठं? रोज शिव्या देतोय."

"कोर्टात जा."

वरचा हसला. "साहेब, कोर्टात जायला आधी वकिलाच्या दारात जावं लागतं. तिथंच आमचा खिसा संपतो."

"खर्च माझा."

हात पुसत वरच्याची बायको बाहेर आली. ती कमी बोलणारी बाई, पण बोलली की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटायचं. "आणि तुम्हाला काय मिळणार?" तिनं विचारलं.

"मला काही नको. लाकडाची ढलपीसुद्धा नको."

"मग कशासाठी?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे हा."

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या आत्यानं मान वर केली. "केवढा आहे?"

साहेबही हसले. पण त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं तत्त्व. तत्त्व चालायला निघालं, तत्त्वाच्या गाडीचं चाक पंक्चर झालं, असं लोक म्हणायला लागले.

अट एकच होती, आणि साहेबांनी ती आडपडदा न ठेवता सांगितली. "हरलात तर माझे पैसे गेले, तुम्ही मोकळे. जिंकलात तर झाड तुमचं. फक्त मला विचारल्याशिवाय तडजोड करायची नाही. केलीत, तर तोवरचा सगळा खर्च तुमच्याकडून भरून घेईन."

"असं का?" बायकोनं विचारलं.

"अर्ध्यावर सोडणाऱ्या माणसांचा मला राग येतो."

वरच्यानं सही केली. सही सरळ रेघेत आली. रेघ त्याची कधी चुकायची नाही.

पहिल्याच तारखेला कोर्टानं 'जैसे थे' सांगितलं. म्हणजे झाड जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. कोर्टाचा माणूस येऊन बुंध्याला लाल फीत बांधून गेला.

"फांदीसुद्धा हलवायची नाही," तो म्हणाला.

"आणि खड्डा?" वरच्यानं विचारलं.

"झाड आहे तिथंच राहील."

"अहो, ते खड्ड्यावर आहे."

"मग खड्ड्यावर राहील."

"आम्ही खायचं काय?"

कोर्टाच्या माणसानं कागद उलटून-पालटून पाहिला. त्यात तसं काही दिलेलं नव्हतं.

खालच्यानं वकील करायला गाय विकली. गाय गेली त्या सकाळी त्याची बायको भांडी घासत होती, ती नंतरही बराच वेळ तेच पातेलं घासत राहिली. मग खालचा दगडाच्या खाणीवर पाट्या वाहायला लागला. भुशाची सवय असलेल्या माणसाला दगडाची धूळ जड गेली. तो खोकायला लागला, आणि तो खोकला बांध ओलांडून वरच्याच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. अशा वेळी वरच्याची बायको भांडं जरा जोरात ठेवायची.

वरच्यानंही हातपाय हलवून पाहिले. फांदी तासून नवी खालची मूठ केली, मेहुण्याला बोलावलं, दोन उंच लाकडी घोड्यांवर एक बेताचं लाकूड चढवलं आणि म्हणाला, "फक्त ओढ. माझ्यावर विश्वास ठेव आणि ढकलू नकोस."

मेहुणा उत्साही. त्यानं मदत म्हणून ढकललं. पातं किंचाळलं, मधे वाकलं आणि लाकडात घट्ट बसलं.

"मी तुला सोपं जावं म्हणून ढकललं," मेहुणा म्हणाला.

"तुझ्यासारखे मदत करणारे आणखी दोघं भेटले तर मी भीक मागेन," वरचा म्हणाला.

मेहुणा न जेवता गेला. वाकलेलं पातं वरच्यानं दुपारभर ऐरणीवर ठोकून सरळ केलं. पण मधे एक पोक राहिलाच, बोट फिरवलं की लागायचा. दुसऱ्या दिवसापासून तो शहरातल्या मशीनवर ओंडके चढवायला जायला लागला. आयुष्यभर ओंडक्यावर उभं राहिलेला माणूस आता ओंडक्याखाली खांदा द्यायचा. संध्याकाळी बायको त्याच्या खांद्याला तेल लावायची, आणि तो उगाच म्हणायचा, "मशीन कापतं बरं का भराभर. पण रेघ? रेघेच्या नावानं बोंब."

साहेबांना हे कळलं. त्यांना वाईट वाटलं, खरोखर वाटलं. त्यांचा ड्रायव्हर दर आठवड्याला किराण्याची पिशवी आणून ओट्यावर ठेवायला लागला. चांगला तांदूळ, चांगली डाळ, आणि वर बिस्किटांचा पुडा.

"पोटाची काळजी नको, लढत राहा, असा निरोप आहे," ड्रायव्हर सांगायचा.

आत्याचा महिना तेव्हा इकडे होता. बिस्किट बुडवत ती म्हणायची, "लढ रे बाबा. मला क्रीमवाली आवडतात, तेवढं कळव."

एकदा पिशवीबरोबर बोलावणंही आलं. संध्याकाळी बंगल्यावर या, नवराबायको दोघंही या. वरचा धुतलेला सदरा घालून गेला, बायको मागे. व्हरांड्यात शहरातले पाहुणे बसले होते, हातात पेले, समोर काजू. साहेब उठून सामोरे आले, दोघांना खुर्च्या दिल्या. तो माणूस खुर्ची देण्यात कधी चुकला नाही.

"हे आपले वादी," साहेबांनी ओळख करून दिली. "आणि त्या बघा, तिकडे खाली लाल फीत दिसते ना, तेच झाड."

एका बाईनं दुर्बीण लावली. "हो की! किती गोड."

"सांगा ना ह्यांना, कसं पडलं ते," साहेब म्हणाले.

वरच्यानं सांगितलं. आधी खुर्चीतूनच, मग उभं राहून, मग वादळाचा आवाज काढून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आणखी एक गाडी आली, एक जाडे गृहस्थ उतरले, आणि साहेब म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा. ह्यांनी ऐकलं नाही."

वरच्यानं पुन्हा वादळाचा आवाज काढला. ह्या खेपेला आवाज जरा बसका आला.

"समोरचा कसा आहे माणूस?" जाड्या गृहस्थांनी विचारलं.

वरचा थांबला. "खाली असतो," तो म्हणाला.

त्यांना वाटलं विनोद आहे. ते हसले.

उतारावरून येताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही वारा सुटल्यासारखे हात हलवत होतात ना, तेव्हा ती दुर्बीणवाली तुमचा फोटो काढत होती."

"काढू दे."

"मी म्हटलं सांगावं."

वरच्यानं हात खिशात घातले, ते घरापर्यंत काढले नाहीत.

तारखा पडत राहिल्या. कोर्टाला जायला सकाळी एकच बस, त्यामुळे वादी-प्रतिवादी एकाच बसनं जायचे. एक पुढच्या दारापाशी, एक मागच्या. कंडक्टर ओरडायचा, "खटलेवाले, सरका आत!" आणि दोघं एकदम आत सरकायचे.

इकडे झाडाला कीड लागली. बुंध्याखाली पिठासारखी बारीक पूड पडायला लागली. शिसवाचं आतलं काळं लाकूड किड्याला दाद देत नाही, पण बाहेरचं पांढरं तो पोखरतो, आणि उघड्या टोकाला उन्हानं भेगा पडतात त्या वेगळ्या. भेग एकदा आत शिरली की फळीच्या फळीत जाते. वरचा मशीनवरून आला की आधी तिकडे जायचा आणि लाकडाला कान लावायचा. आत कुरकुर चाललेली असायची.

एका संध्याकाळी तो कान लावून बसला होता, तर पलीकडून खोकला आला. बुंध्याच्या त्या बाजूला खालचा बसलेला, त्याचाही कान लाकडाला. मधे लाल फीत.

आत्या मागोमाग आलीच होती. तिला बघून वरच्याचा जीव भांड्यात पडला, कारण आता बोलता येणार होतं.

"आत्या, त्याला सांग, टोकाला शेण तरी थापायला हवं होतं. भेग वाढतेय."

"त्यानं ऐकलं," आत्या म्हणाली. "बहिरा नाही, खोकतोय फक्त."

"आत्या, त्याला सांग," खालचा म्हणाला, "हात लावायचा नाही असा हुकूम त्यानंच आणलाय."

"आत्या, त्याला म्हणावं, औषध घे त्या खोकल्यावर."

"आत्या, त्याला म्हणावं, गाय होती तेव्हा घेत होतो."

वरच्यानं हातातली पूड बोटांनी चोळली. ती हळदीसारखी मऊ होती. "निम्मं-निम्मं केलं असतं तर एव्हाना फळ्या वाळत पडल्या असत्या," तो म्हणाला. हे त्यानं आत्याला सांगितलं नाही. नुसतंच म्हणाला.

पलीकडून आधी खोकला आला. मग खालचा म्हणाला, "निम्मं चालेल."

दुसऱ्या दिवशी वरचा आणि त्याची बायको टेकडी चढले. साहेब बागेत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"अहो, आपण जिंकतोय. वकील म्हणतात केस भक्कम आहे. वर गेली तरी लढू. पाच वर्षं, दहा वर्षं, मी आहे."

"झाड नाही राहणार तोवर," वरचा म्हणाला.

"प्रश्न झाडाचा नाहीच."

"आमचा झाडाचाच आहे, साहेब," बायको म्हणाली. "आणि खाली खड्डा आहे त्याचा."

साहेब खुर्चीत बसले. काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "माझा एक भाऊ होता. कंपनी आमच्या दोघांची. भांडण झालं तेव्हा सगळे म्हणाले मिटवून टाका, घरातलं घरात. मी मिटवलं. बाजू माझी खरी होती आणि मी मिटवलं. त्यानंतर आयुष्यभर तो मला भेटला की हसायचा."

"आता कुठं असतात ते?" बायकोनं विचारलं.

"वारले."

साहेबांनी ओढलेली रेघ काठीनंच पुसली. "तुमचं तसं होऊ देणार नाही मी," ते मायेनं म्हणाले. "आणि करारातली अट आठवतेय ना?"

अट आठवत होती. वकिलाचा एका तारखेचा आकडा त्यांनी सहज सांगितला, आणि तो गुणायच्या भानगडीत वरचा पडलाच नाही. घर गेलं असतं, खड्ड्यासकट.

ओट्यावर आत्या वाट बघत होती. "काय म्हणालं तत्त्व?"

"तडजोड केली तर सगळा खर्च आपल्यावर."

"आणि जिंकलास तर?"

"जिंकल्यावर तो वर अपील करणार. साहेब म्हणतात दहा वर्षं लढू."

"आणि हरलास तर काय म्हणालं होतं तत्त्व?"

वरचा बोलायला गेला आणि थांबला.

"हरलास तर त्याचे पैसे गेले, तू मोकळा," आत्या म्हणाली. "मी शेंगा सोलत होते, पण कान उघडे होते. अरे गाढवा, तडजोडीला बंदी आहे. हरायला कुणी मनाई केलीय?"

"असं कसं हरता येईल?"

"झाड कुणी लावलं?"

वरचा खांदा चोळायला लागला.

"सांग की. त्याच्या बापानं लावलं. आणि घागरी वाहिल्या मी, परकर सावरत. तुझ्या बापानं तुला शंभरदा सांगितलंय, झाड त्याचं आणि सावली आपली. तुझ्या वकिलाला ठाऊक आहे का हे?"

"आहे. कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं, असं त्यांनी बजावलंय."

"मग तेवढं आठव."

"तूच का नाही सांगितलंस कोर्टात? खालच्याच्या वकिलानं तुला विचारलं होतं."

"मी एक महिना इथं जेवते नि एक महिना तिथं," आत्या म्हणाली. "साक्ष दिली असती तर सहा महिने उपाशी मेले असते."

बायकोनं मुद्द्याचं विचारलं. "आणि हरल्यावर अख्खं झाड त्याचं. त्यानं निम्मं दिलं नाही तर? लिहून घ्या काहीतरी."

"लिहिलं की ती तडजोड," आत्या म्हणाली.

वरचा त्या संध्याकाळी फितीपाशी जाऊन बसला. खालचा आला. वरच्यानं आत्याला मधे न घेता सरळ विचारलं, "मी हरलो तर निम्मं देशील?"

खालच्यानं त्याच्याकडे पाहिलं. खड्ड्यात असल्यासारखं तोंड घट्ट मिटलेलं. हो नाही, ना नाही. मग तो उठला, पँटची धूळ झटकली आणि खोकत घरी गेला.

"काय म्हणाला?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही म्हणाला."

साक्षीच्या दिवशी साहेब स्वतः आले होते, मागच्या बाकावर, काठी गुडघ्यांमधे धरून. वरचा पिंजऱ्यात उभा राहिला. उंचावर उभं राहायची सवय असल्यामुळे त्याला तिथं बरं वाटलं. खालच्याच्या वकिलानं चार इकडचे-तिकडचे प्रश्न विचारले आणि मग, काही हाती लागेल अशी आशा नसलेल्या आवाजात, विचारलं, "झाड कुणी लावलं होतं?"

"ह्याच्या बापानं," वरचा म्हणाला. "म्हणजे माझ्या काकानं. स्वतःच्या वावरात लावलं. आत्यानं पाणी घातलं."

वरच्याचा वकील उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. खालच्याचा वकील तर आपला पुढचा प्रश्नच विसरला.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"बाप सांगायचा. झाड त्याचं, सावली आपली, असं म्हणायचा."

"आधीपासून माहीत होतं?"

"लहानपणापासून."

"मग दावा का लावलात?"

वरच्यानं मागच्या बाकाकडे एकदा पाहिलं. "परवडला म्हणून, जजसाहेब."

बाहेर, पायऱ्यांवर, साहेबांनी त्याला गाठलं. चेहरा उतरला होता. "तुम्ही मुद्दाम हरलात."

"खरं सांगितलं, साहेब."

"खरं सांगायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" हे बोलून गेल्यावर ते स्वतःच दचकले. जरा सावरून म्हणाले, "मी न्यायासाठी एवढा खर्च केला."

"मिळाला की न्याय," वरच्याची बायको म्हणाली. "फक्त शेजारच्याला मिळाला."

निकाल तसाच लागला. कोर्टाचा माणूस येऊन लाल फीत सोडून गेला, फीत गुंडाळून खिशातही घातली. आता झाड खालच्याचं, कायद्यानं, शेंड्यापासून मुळांपर्यंत.

खालचा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. किराण्याची पिशवी बंद झाली होती. आत्याचा महिना संपायला अवकाश होता तरी ती गाठोडं बांधून तिकडे गेली, आणि तिकडून निरोपही आला नाही. हे मात्र गंभीर होतं. मग एका दुपारी शहरातला लाकूडवाला ट्रक घेऊन आला. तो नि खालचा झाडाभोवती फिरले, टेप लावला, बुंध्यावर थापा मारल्या. वरच्याची बायको हे दारातून बघत होती.

"लिहून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली.

वरचा पात्याला कानस लावत बसला होता. दाते आधीच धारदार होते. तो लावतच राहिला.

ट्रक रिकामाच गेला. पण लाकूडवाला उद्या मशीनची माणसं घेऊन येणार, असं गावात कुणीतरी सांगितलं, आणि गाव तर तिखट-मीठ लावायला बसलेलंच होतं.

उजाडलं तेव्हा बांधाकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. वरचा गेला. खालच्यानं फांद्या उतरवल्या होत्या, मुळांपासून बुंधा तोडला होता, साल काढून वरचा भाग तासला होता. एवढं घटकाभरात होत नाही. अंधारातच लागला असणार तो, आणि एकटाच नव्हे, त्याची बायको नि आत्याही घामानं ओल्या झाल्या होत्या. बुंधा खड्ड्यावर आधीपासूनच होता, तो नुसता पाचरी मारून स्थिर केलेला. बरोबर मध्यावरून, टोकापासून टोकापर्यंत, काजळीच्या दोरीची एक रेघ मारलेली होती.

रेघ जराशी वाकडी होती. ते काम त्याचं कधीच नव्हतं.

"लाकूडवाल्याला अख्खं हवं होतं," खालचा म्हणाला. "म्हटलं, दोन भाग आहेत. दोघांना विचार."

वरच्यानं रेघेकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि सवयीनं बुंध्यावर चढायला पाय उचलला.

"दादा," खालचा म्हणाला.

वरचा थांबला. ते नाव त्यानं वादळानंतर ऐकलं नव्हतं.

खालच्यानं फांद्यांच्या ढिगामागून जुनी मूठ काढली, हाताच्या घामानं काळी पडलेली, आणि ती भावाच्या दिशेनं टाकली. वरच्यानं ती झेलली. मग खालचा बुंध्यावर चढला, तोल सावरत उभा राहिला आणि वर मोकळ्या हवेत एक लांब श्वास घेतला.

"गायीएवढं होईपर्यंत," तो म्हणाला.

"गायीएवढं म्हणजे किती?"

"मी सांगेन."

मागोमाग आलेल्या वरच्याच्या बायकोनं घरून पातं आणून दिलं आणि पदर तोंडाशी नेला. हसली की काय, ते कळलं नाही. आत्या मात्र उघड हसली. वरच्यानं सदरा काढला, डोक्याला फडकं बांधलं आणि खड्ड्यात उतरला. आत गारवा होता, आणि खालून बुंधा फार मोठा दिसत होता. त्यानं पातं वर सरकवलं, मूठ बसवली, पाचर ठोकली. पहिल्याच ओढीला भुसा डोळ्यांत आला. दुसऱ्या ओढीला मानेतून पाठीवर घसरला. पात्यातला पोक लाकडातून जाताना दर वेळी हाताला कळायचा.

"तिरकी जातेय!" तो ओरडला, आणि तोंडभर भुसा खाल्ला.

"जाऊ दे," वरून आवाज आला. "तू ओढ."

ऊन चढलं तेव्हा साहेब काठी टेकत आले. रागावलेले नव्हते, उलट रात्रभर विचार करून एक चांगली गोष्ट सांगायला आल्यासारखे दिसत होते. त्यांनी आधी बुंध्यावरच्या माणसाकडे पाहिलं, चूक झाली हे ओळखलं, आणि मग खड्ड्याच्या काठाशी वाकले.

"मी वकिलांशी बोललो. जबाब दबावाखाली दिला असं दाखवता येईल. अपील करू. खर्च सगळा माझा. तुम्ही फक्त हो म्हणा."

करवत खाली आली, वर गेली.

साहेब आणखी वाकले. "ऐकताय ना? नुसतं हो म्हणा."

बुंध्यावरच्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "त्याला बोलता येणार नाही, साहेब. तो खाली आहे."

साहेबांच्या बुटांवर भुसा साचायला लागला होता. खड्ड्यात वरच्यानं डोळे बारीक केले, ओठ आवळले आणि पातं खाली ओढलं.